ॲनिमे बघायचंय, पण सुरुवात कुठून? नव्यांसाठी टप्प्याटप्प्याने

ॲनिमे म्हणजे जपानी ॲनिमेशन. 'ॲनिमे बघायला लागायचंय, काय बघू?' असं कुणी विचारलं की चाहते मंडळी उत्साहाच्या भरात 'वन पीस'चं नाव घेतात. 'वन पीस' ऑक्टोबर १९९९ मध्ये सुरू झालं, त्याचे अकराशेहून जास्त भाग झालेत आणि गोष्ट अजून संपलेली नाही. पाहुण्याला जेवायला बोलवावं आणि ताटाऐवजी थेट पातेलंच पुढ्यात ठेवावं, तसला हा प्रकार. विचारणारा दोन-चार भाग बघतो, 'हे काही आपलं काम नाही' म्हणतो आणि विषय तिथेच मिटतो.

घरच्यांना, मित्रांना, ऑफिसातल्या लोकांना ॲनिमेची गोडी लावण्याच्या खटपटीतून मला एक गोष्ट पक्की पटली आहे. पहिली मालिका छोटी हवी, शक्यतो पूर्ण झालेली हवी आणि तुमच्या आधीपासूनच्या आवडीशी जुळणारी हवी. ती सगळ्यात गाजलेली असलीच पाहिजे असं काही नाही. खालचे टप्पे याच हिशोबाने लावले आहेत.

आणि 'आपल्याला हे झेपेल का' ही शंका आधी काढून टाका. नव्वदीत दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगली बघितलेल्या प्रत्येकाने ॲनिमे बघितलेलंच आहे. ती ५२ भागांची मालिका निप्पॉन ॲनिमेशन या जपानी स्टुडिओने १९८९ मध्ये सुरू केली होती, आणि आपल्याकडच्या हिंदी डबमध्ये शेरखान बोलायचा तो नाना पाटेकरांच्या आवाजात. पुढच्या पिढीला डोरेमॉन आणि शिनचॅन भेटले. म्हणजे ओळख जुनीच आहे, फक्त मोठेपणी पुन्हा भेट झालेली नाही.

१. काय काय लागेल

यादी लहान आहे:

- एखादं अधिकृत ठिकाण. क्रंचीरोल हे खास ॲनिमेसाठीच आहे. नेटफ्लिक्स आणि प्राइम व्हिडिओवरही बऱ्यापैकी साठा असतो. यूट्यूबवर म्यूझ एशिया आणि ॲनी-वन एशिया ही अधिकृत चॅनेल जाहिरातींसह काही मालिका फुकट दाखवतात.
- बरे हेडफोन. ॲनिमेत संगीत आणि आवाज यांच्यावर फार मेहनत घेतलेली असते. मोबाइलच्या स्पीकरवर ती वाया जाते.
- बघितलेल्या भागांची नोंद ठेवायला वही किंवा मायॲनिमेलिस्ट, ॲनीलिस्ट यांसारखी साइट. वही पुरते.
- मालिकेचं नेमकं इंग्रजी नाव. शोधताना ते लागतं, आणि सारख्या नावांच्या गर्दीत चुकीची मालिका उघडणं फार सोपं आहे.

पैसे भरण्याआधी एक करा. तुम्हाला हवी असलेली मालिका त्या ठिकाणी आत्ता, भारतात दिसते का ते तपासा. हक्क देशागणिक वेगळे असतात आणि मुदत संपली की मालिका निघूनही जाते. परदेशात असाल तर तिथली यादी वेगळी दिसेल. आधी एकाच महिन्याचं घ्या, वर्षाचं नको.

२. कानावर पडणारे शब्द

पहिल्या दिवशी एवढे पुरतात.

मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. बहुतेक ॲनिमे मांगावरून होतात. जपानी टीव्हीवर नव्या मालिका जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर अशा चार मोसमांत सुरू होतात आणि एका मोसमात साधारण १२-१३ भाग बसतात. या तुकड्याला 'कूर' म्हणतात. एक भाग साधारण २४ मिनिटांचा, त्यातली दीड-दीड मिनिटं सुरुवातीच्या आणि शेवटच्या गाण्याची. म्हणजे १२ भागांची मालिका पाच तासांच्या आत संपते. दोन हिंदी सिनेमांएवढा वेळ.

शोनेन, शोजो, सेइनेन, जोसेइ हे शब्द सतत दिसतील. मूळ मांगा ज्या मासिकात किंवा साप्ताहिकात छापली जाते त्याचा वाचक कोण, एवढंच ते सांगतात: अनुक्रमे मुलगे, मुली, पुरुष, स्त्रिया. गोष्ट कशाबद्दल आहे ते यावरून कळत नाही. 'डेथ नोट' आणि 'हाइक्यू' दोन्ही शोनेन, दोन्ही एकाच 'शोनेन जंप' साप्ताहिकातली. एकात माणसं मारणारी वही आहे, दुसऱ्यात शाळेची व्हॉलीबॉल टीम. मुलींनी शोनेन बघू नये किंवा पुरुषांनी शोजो बघू नये असलं काही मनात आणू नका. जपानमध्येही कुणी आणत नाही.

फिलर म्हणजे मूळ गोष्टीत नसलेले, वेळ काढायला घातलेले भाग. ते कसे तयार होतात ते खड्ड्यांच्या टप्प्यात सांगतो.

३. आवड ओळखा, मग मालिका निवडा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, म्हणून इथे जरा रेंगाळू. ॲनिमे हा गोष्टीचा एक प्रकार आहे असं धरून लोक चुकतात. कादंबऱ्यांत जेवढे प्रकार असतात तेवढे इथेही आहेत. 'मला मारामाऱ्या आवडत नाहीत' एवढ्यावर ॲनिमे बाद होत नाही, फक्त त्यातल्या मारामाऱ्या बाद होतात.

रहस्य, गुन्हेगारी, डावपेच आवडत असतील तर 'डेथ नोट'. ३७ भाग, २००६-०७. ज्याचं नाव लिहावं तो मरतो अशी वही एका हुशार विद्यार्थ्याला सापडते आणि त्याच्या मागावर तितकाच हुशार गुप्तहेर लागतो. वेब सिरीजची सवय असलेल्या माणसाला हातात द्यायला यापेक्षा सोपी मालिका नाही. पंचविसाव्या भागानंतर ती थोडी ढिली पडते असं माझं मत, पण तिथवर आलेला माणूस शेवट बघितल्याशिवाय थांबत नाही. ती आवडली की मग 'मॉन्स्टर'. जर्मनीत काम करणारा जपानी मेंदूशल्यविशारद शहराच्या महापौराऐवजी आधी आलेल्या एका मुलाचा जीव वाचवतो, आणि वर्षांनंतर त्या निर्णयाची किंमत त्याच्या समोर उभी राहते. ७४ भाग आहेत, म्हणून पहिली निवड नको. पण मोठ्या कादंबऱ्या चवीने वाचणाऱ्यांनी ही चुकवू नये.

विज्ञानकथा हवी असेल तर माझं पहिलं बोट 'प्लानेतेस'कडे जाईल, जरी सगळे दुसरंच नाव घेत असले तरी. २६ भाग, २००३-०४. काळ २०७५, आणि नायक मंडळी अवकाशातला कचरा गोळा करणारे कंपनीचे कर्मचारी. निकामी उपग्रहांचे तुकडे, सुटे भाग, काय वाटेल ते. सुरुवातीलाच एक सुटा स्क्रू प्रवासी यानावर आदळतो आणि काय होतं ते दाखवतात. या विभागाला कंपनीत काडीची किंमत नाही. बजेट तुटपुंजं, माणसं अपुरी, बाकीचे लोक त्याला 'हाफ सेक्शन' म्हणून हिणवतात. नवी आलेली तानाबे पहिल्या दिवशी ऑफिसात शिरते तेव्हाच तुम्हाला तो मजला ओळखीचा वाटेल: वरच्यांची मर्जी राखणारा साहेब, कंत्राटावर राबणारी आणि पक्क्या नोकरीची वाट बघणारी माणसं, कुणाला कुठे पोचायचंय त्याचे हिशोब. हिंजवडीत नोकरी करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पहिले काही भाग हलकेफुलके आहेत, त्यावरून फसू नका. मालिका पुढे बरीच खोल जाते.

सगळे घेतात ते दुसरं नाव म्हणजे 'काउबॉय बीबॉप'. १९९८ ची, २६ भाग, दिग्दर्शक शिनइचिरो वातानाबे, आणि योको कान्नोचं जॅझ संगीत. पहिल्याच भागात जेट आपल्या जोडीदाराला, स्पाइकला, रात्रीचं जेवण वाढतो. पदार्थाचं नाव ढोबळी मिरची आणि बीफ. स्पाइक ताटात बघतो, तर नुसती मिरची. बीफ कुठंय? पैसे नाहीत म्हणून नाही. सगळी मालिका अशीच आहे: गुन्हेगार पकडून बक्षीस मिळवायला निघालेली कफल्लक माणसं. बहुतेक भाग सुटे आहेत, त्यामुळे आठवड्यातून एक बघितला तरी धागा तुटत नाही.

खेळासाठी 'हाइक्यू'. बुटका मुलगा, व्हॉलीबॉलचं वेड. आपल्याकडे गावोगाव संध्याकाळी जाळी बांधली जाते, त्या मैदानावर खेळलेल्यांना तर ही घरचीच वाटेल, पण खेळाचे नियम माहीत नसले तरी अडत नाही. मालिकाच ते शिकवत जाते. सेटर नुसता चेंडू उचलून देत नाही तर अख्खा सामना कसा हाकतो, हे मला यातूनच कळलं. पहिला सीझन २५ भागांचा आहे आणि तेवढाच बघून थांबता येतं. चारही सीझन झाल्यावर गोष्ट सिनेमात पुढे जाते, हे माहीत असू द्या. जाता जाता: १९६८ च्या एका गाजलेल्या जपानी बेसबॉल ॲनिमेवरून 'सूरज: द रायझिंग स्टार' नावाची भारत-जपान मालिका २०१२ च्या अखेरीस कलर्सवर आली होती. बेसबॉलच्या जागी क्रिकेट आणि टोकियोच्या जागी मुंबई. कुतूहल म्हणून ठीक आहे, सुरुवातीसाठी नाही.

माणसांच्या, घरांच्या गोष्टी आवडत असतील तर 'बाराकामोन'. १२ भाग, २०१४. तरुण सुलेखनकार आपल्या अक्षरावर टीका करणाऱ्या म्हाताऱ्या क्युरेटरला ठोसा मारतो, म्हणून वडील त्याला गोतो बेटांवर पाठवून देतात. तिथली पोरंटोरं, विशेषतः नारू नावाची चिमुरडी, त्याला दिवसभर सुखाने बसू देत नाहीत. बस, एवढंच. हसत हसत संपते. याहून जड चालणार असेल तर 'मार्च कम्स इन लाइक अ लायन': सतरा वर्षांचा व्यावसायिक शोगी खेळाडू, एकटा, आणि त्याला रोज जेवायला ओढून नेणाऱ्या तीन बहिणी. ४४ भाग. शोगी म्हणजे जपानी बुद्धिबळ, यात मारलेलं प्यादं आपल्या बाजूने पुन्हा पटावर आणता येतं. एवढं माहीत असलं तरी पुरे.

रात्री झोपण्यापूर्वी एखादा भाग बघायचा असेल तर 'मुशिशी'. गिन्को नावाचा भटका माणूस, डोंगरदऱ्यांतली गावं, आणि प्राणी-वनस्पती यांच्याही आधीचे 'मुशी' नावाचे जीव. पहिल्या भागात एक मुलगा आहे, त्याने डाव्या हाताने काढलेलं चित्र जिवंत होतं. आजी त्याला त्या हाताने काढू देत नाही. यात खलनायक नाही, लढाई नाही, प्रत्येक भागात नवी गोष्ट. २००५-०६ मधले पहिले २६ भाग घ्या, आणि सलग बघू नका. दोन भागांनंतर थांबा, नाहीतर सगळ्यांची चव एकसारखी लागेल.

नाटकवेड्यांसाठी वेगळं सांगतो, कारण ही मालिका आपल्याकडे फार कमी जण सुचवतात: 'शोवा गेनरोकु राकुगो शिंजू'. राकुगो ही जपानची जुनी कथनकला. कलाकार उशीवर गुडघे मोडून बसतो, हातात एक पंखा आणि एक कापडी रुमाल, आणि अख्खी गोष्ट एकटा उभी करतो. मान डावीकडे वळली की एक पात्र, उजवीकडे वळली की दुसरं. मिटलेला पंखा कधी चॉपस्टिक होतो, कधी चिलीम. तुरुंगातून सुटलेला एक तरुण थेट याकुमो नावाच्या नामवंत कलाकाराच्या पायाशी येऊन पडतो, मला शिष्य करा म्हणून. पहिल्या भागात हाच योतारो एका चोराची विनोदी गोष्ट रंगवायला बसतो. सुरुवातीला प्रेक्षक थंड, मग कुठून तरी एक हसू फुटतं, मग दुसरं. मालिका ते सादरीकरण कापत नाही, घाई करत नाही, त्याचा घामसुद्धा दाखवते. ज्याने पु. लं.चे एकपात्री प्रयोग ऐकत रात्री काढल्या आहेत त्याला इथे ओळख लागायला पाच मिनिटंही लागणार नाहीत. २०१६ मध्ये १३ आणि २०१७ मध्ये १२ भाग आले. पहिला भाग नेहमीच्या दुप्पट लांब आहे, त्यामुळे वेळ काढून बसा. आणि ही डबमध्ये बघू नका. सगळी गंमत आवाजात आहे.

अद्भुत, जादू, मोठा प्रवास हवा असेल तर 'फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहुड'. ६४ भाग, पण एक क्षणही गोष्ट भरकटत नाही आणि शेवट नीट होतो. या लांबीच्या मालिकांत हे दुर्मिळ आहे. एवढी लांबी नको असेल तर 'फ्रीरेन'चा २८ भागांचा पहिला सीझन. इतर गोष्टी जिथे संपतात तिथे ही सुरू होते: राक्षसांचा राजा मेलाय, चार सोबती घरी परतलेत. त्यातली फ्रीरेन ही हजारो वर्षं जगणारी एल्फ. पन्नास वर्षांनी पुन्हा उल्कावर्षाव बघायला भेटू, असं ती सहज बोलून जाते. तिच्या दृष्टीने पन्नास वर्षं म्हणजे काहीच नाहीत. तेव्हा ती म्हातारी झालेली नसते, सोबती झालेले असतात.

घरच्यांसोबत बसून हसायचं असेल तर 'स्पाय फॅमिली'. नावात मधे एक फुली आहे, ती उच्चारत नाहीत. नवरा गुप्तहेर, बायको भाडोत्री मारेकरी, दत्तक मुलगी मनातलं ओळखणारी, आणि कुणालाच कुणाचं गुपित माहीत नाही. अपवाद त्या मुलीचा, आन्याचा. तिला सगळं माहीत आहे. गोष्ट पूर्ण झालेली नाही, पण भाग इतके सुटे आहेत की ते आड येत नाही.

स्टुडिओ जिबलीचे सिनेमे हे वेगळं दालन आहे. या लेखात फक्त मालिका.

४. जपानी की हिंदी, आणि सबटायटल्सची भानगड

यावरून चाहत्यांमध्ये हाणामाऱ्या होतात. तुम्ही त्यात पडू नका. क्रंचीरोलवर निवडक मालिका हिंदी, तमिळ आणि तेलुगूत मिळतात. विनोदी किंवा वेगवान मालिका हिंदीत बघायला काही हरकत नाही, आपल्यापैकी निम्मे जण शिनचॅनवर तशाच पोसल्या गेलेल्या पिढीतले आहेत. गंभीर मालिका मात्र जपानीत बघा.

सबटायटल्स बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच असतात. दोन सूचना. एक, यादीत नुसतं 'इंग्लिश' आणि 'इंग्लिश सीसी' असे दोन पर्याय दिसले तर जपानी आवाजासोबत नुसतं 'इंग्लिश' निवडा. सीसी बहुधा इंग्रजी डबसाठी लिहिलेलं असतं, त्यामुळे पडद्यावरचा माणूस एक बोलतो आणि खाली दुसरंच दिसतं. दोन, वाचायला वेळ लागत असेल तर बेशक थांबवा, पण दीडपट वेगाने पळवू नका. या मालिकांत शांतता मुद्दाम ठेवलेली असते.

नावांपुढचे सान, कुन, चान, सेन्सेई ऐकत राहा. आपल्याला 'अहो-जाहो'ची सवय आहे, त्यामुळे कोण कुणाला कसं हाक मारतं यातला बदल मराठी माणसाच्या लगेच लक्षात येतो. आडनावाने बोलावणारा एके दिवशी नावाने हाक मारतो, तेव्हा काहीतरी घडलेलं असतं. सबटायटलमध्ये ते अनेकदा दिसत नाही, कानाला कळतं.

५. पहिल्या भागात विचित्र वाटेल ते

कपाळावर घामाचा मोठा थेंब म्हणजे पात्र ओशाळलं. कपाळावर फुगलेली शीर म्हणजे राग. नाकातून फुगा म्हणजे गाढ झोप. रातकिड्यासारखा कर्कश आवाज येत राहिला तर तो सिकाडा कीटकांचा, म्हणजे उन्हाळा आहे. चेरीचा बहर दिसला तर बहुधा एप्रिल, म्हणजे शाळेचं वर्ष सुरू होतंय.

'चित्र हलतच नाही, फक्त ओठ हलतात' ही तक्रार हमखास येते. यामागे इतिहास आहे. १९६३ मध्ये ओसामु तेझुकाच्या स्टुडिओने 'ॲस्ट्रो बॉय' दर आठवड्याला अर्धा तास द्यायला सुरुवात केली. वेळ आणि पैसा दोन्ही कमी, म्हणून कमी चित्रं वापरायची, तीच चित्रं पुन्हा वापरायची, स्थिर चित्रावर कॅमेरा फिरवायचा, अशा युक्त्या निघाल्या. त्या आजही वापरात आहेत. चांगला दिग्दर्शक साध्या प्रसंगात चित्रं वाचवतो आणि मोक्याच्या प्रसंगात उधळतो. हे लक्षात आलं की तक्रार करायचं सोडून तुम्ही त्या मोक्याच्या प्रसंगाची वाट बघायला लागता.

शेवटचं गाणं लागलं की लगेच बंद करू नका, कधी कधी त्यानंतर एक छोटा प्रसंग असतो. मात्र पुढच्या भागाची झलक दाखवतात ती सोडा. तिच्यात बऱ्याचदा नको तेवढं सांगून टाकतात.

६. तीन भाग, मग निर्णय

एका भागावरून सोडू नका आणि आवडत नसताना दहा भाग रेटू नका. तीन भाग पुरेसे आहेत. अपवाद 'स्टाइन्स गेट'सारख्या मालिकांचा. २४ भागांतला पहिला अर्धा मुद्दाम संथ आहे, आणि दुसऱ्या अर्ध्याची सगळी मदार त्यावर आहे. अशी मालिका दुसरी किंवा तिसरी घ्या, पहिली नको.

मालिका सोडलीत तर का सोडलीत ते वहीत एका ओळीत लिहून ठेवा. 'आरडाओरडा फार', 'शाळेचा कंटाळा', 'नायिकेला काही कामच नाही'. अशा ओळी जमल्या की पुढची निवड आपोआप सुधारते, आणि सुचवणाऱ्या मित्रालाही नेमकं सांगता येतं.

७. नेहमीचे खड्डे

चेहऱ्यावरून वय ठरवू नका. हा सगळ्यात खोल खड्डा, आणि पालक यात हमखास पडतात. 'मेड इन अबिस'मधली मुलं गोल चेहऱ्यांची, गोजिरवाणी आहेत, आणि त्यांच्या वाट्याला जे येतं ते मोठ्यांनाही बघवत नाही. 'मादोका मागिका' फक्त १२ भागांची, गुलाबी फ्रॉक आणि जादूची छडी, पण लहान मुलीला लावून देऊ नका. ओटीटीवर यूए ७+, यूए १३+, यूए १६+ आणि ए अशा खुणा असतात, त्या आधी बघा. हिंसा नसली तरी काही मालिकांत मुलींच्या अंगावरून कॅमेरा उगाच फिरत राहतो. याला फॅनसर्व्हिस म्हणतात. हॉलमध्ये सगळ्यांसमोर लावण्याआधी पहिला भाग एकट्याने बघून घ्या.

क्रम चुकवू नका. 'फुलमेटल अल्केमिस्ट' दोन आहेत. २००३ चं आलं तेव्हा मूळ मांगा पूर्ण नव्हती, म्हणून त्याची गोष्ट पुढे वेगळीच गेली. नव्याने यायचं तर 'ब्रदरहुड' घ्या. 'डीमन स्लेयर'चे पहिले २६ भाग झाले की 'मुगेन ट्रेन' येतं. ते सिनेमा म्हणूनही आहे आणि सात भागांच्या रूपातही, दोन्हींपैकी एक बघा. २०२५ मध्ये 'इन्फिनिटी कॅसल' आपल्याकडे थिएटरला लागला तेव्हा कितीतरी जण मित्रांच्या आग्रहाखातर थेट तिथेच जाऊन बसले. तो सिनेमा लढाईच्या मधोमध सुरू होतो, कोण कुणाचा कोण ते कळायला मार्ग नाही. 'अटॅक ऑन टायटन'चा 'फायनल सीझन' डिसेंबर २०२० मध्ये सुरू झाला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये संपला. त्यामुळे 'फायनल' लिहिलेलं बघून लगेच शेवट येईल असं समजू नका. 'फेट' नावाने सुरू होणाऱ्या मालिकांकडे वर्षभर फिरकू नका. त्यांच्या क्रमावर चाहत्यांचंच एकमत नाही.

नावं शोधू नका. एखाद्या पात्राचं नाव गूगलमध्ये टाकलं की पुढचा शब्द 'मृत्यू' असा आपोआप सुचवला जातो. चाहत्यांच्या विकीवर तर चौकटीत 'स्थिती: मृत' असं लिहिलेलंच असतं. यूट्यूबवरच्या कॉमेंट्स, रील्स, तिथेही तेच. शंका आली तर ज्याने मालिका सुचवली त्याला विचारा.

फिलरचा हिशोब ठेवा. मांगाचा आठवड्याचा तुकडा साधारण वीस पानांचा. टीव्हीवर आठवड्याला एक भाग द्यायचा म्हणजे ॲनिमे लवकरच मांगाला गाठतं. मग मांगा पुढे जाईपर्यंत भर घालतात. 'नारुतो'च्या पहिल्या मालिकेचे २२० भाग आहेत, त्यात १३६ व्या भागापासून पुढे जवळजवळ सगळी भर आहे. अशा मालिकांचे फिलर कुठले ते सांगणाऱ्या याद्या मिळतात. त्या बघून खुशाल गाळा. अलीकडच्या मालिका सीझन पाडून येतात, त्यामुळे हा त्रास बराच कमी झालाय.

फुकट्या साइट टाळा. नैतिकता बाजूला ठेवली तरी तिथली सबटायटल्स कशीही असतात, खालचं बटण दाबलं की तीन खिडक्या उघडतात, आणि भागांचा क्रम कुणी लावलाय देव जाणे.

'हे बघितलं नाहीस तर काय बघितलंस' म्हणणाऱ्यांचं लगेच ऐकू नका. 'इव्हँजेलियन' (१९९५-९६, २६ भाग) थोर आहे यात वादच नाही. पण त्याआधीच्या राक्षसी रोबोंच्या गोष्टी माहीत असतील तर ते जास्त भिडतं, आणि शेवटचे दोन भाग पात्राच्या डोक्यातच घडतात. चार-पाच मालिका पचल्यावर घ्या. 'हारुही सुझुमिया'च्या २००९ च्या भागांत तर एकच गोष्ट सलग आठ भाग, जवळजवळ जशीच्या तशी, दाखवली आहे. चाहते अजून त्यावर भांडतात. नव्या माणसाने तिथे कशाला जायचं?

८. पहिली मालिका संपल्यावर

लगेच दुसरी लावू नका, दोन दिवस जाऊ द्या. मग आवडलेल्या मालिकेचा दिग्दर्शक आणि स्टुडिओ बघा. 'काउबॉय बीबॉप' आवडली असेल तर वातानाबेचीच 'सामुराई चांप्लू' घ्या, २६ भाग, तलवारींच्या काळात हिपहॉप. 'डेथ नोट', 'मॉन्स्टर' आणि 'फ्रीरेन' तिन्ही मॅडहाउस स्टुडिओच्या आहेत, पण तिन्हींचे दिग्दर्शक वेगळे आणि चवही वेगळी, त्यामुळे नुसत्या स्टुडिओच्या नावावर विसंबू नका. ॲनिमे तयार कसं होतं याचं कुतूहल जागं झालं असेल तर 'शिरोबाको' बघा. एका ॲनिमे स्टुडिओतल्या धावपळीवरची २४ भागांची मालिका आहे. भाग टीव्हीवर जायची वेळ आली तरी चित्रं तयार नाहीत, आणि नवखी मियामोरी गाडी घेऊन शहरभर चित्रकारांकडून कागद गोळा करत फिरते.

चालू मोसमातल्या मालिका एका वेळी एक-दोनच धरा. दर आठवड्याला एक भाग येतो, वाट बघण्यात मजा असते, पण एकदम सात धरल्या तर कुठल्या शाळेत कोण शिकतं याचाच गोंधळ होतो.

आणि एवढं सगळं करून 'वन पीस'ची ओढ लागलीच, तर शंभराच्या पटीत विचार करू नका. गोष्ट बेटाबेटांच्या टप्प्यांत विभागलेली आहे. 'आर्लाँग पार्क' हा टप्पा ४४ व्या भागाच्या आसपास संपतो. तिथपर्यंत बघा. तोवर नामी या नायकाच्या सोबतिणीची आणि तिच्या गावाची गोष्ट मनाला भिडली नसेल, तर पुढचे हजार भागही भिडणार नाहीत.